आजचं चिंतन : चिमाजी अप्पा आणि पाच कारणं



काल ऑफिसमध्ये एका मोठ्या प्रोजेक्टची लीड म्हणून माझं नाव जाहीर झालं. विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या मी मनातल्या मनात भाषणच देत होते. आणि आज क्रमाने वाचायला आला अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक. कुठल्याही कामामागे पाच कारणं असतात, असं भगवंत अर्जुनाला सांगतात : अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, साधनं, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवं दैव. म्हणजे करणारा पाचातला फक्त एक! माझं भाषण तिथेच थांबलं.

मग आठवले आपल्या वसईचे चिमाजी अप्पा.

थोरले बाजीराव पेशवे हे त्यांचे सख्खे मोठे भाऊ. अशा भावाच्या सावलीत दुसरा कोणी झाकोळून गेला असता. पण १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याला अप्पांनी मोगल सुभेदाराचा पराभव केला, तेव्हाच त्यांची कुवत सगळ्यांना कळली होती. १७३० मध्ये मुलगा झाला, पुढे पानिपतावर गेलेले सदाशिवराव भाऊ ते हेच. आणि बाळ लहान असतानाच पत्नी रखमाबाई वारल्या. स्वतः अप्पांची तब्येत तर कायम नाजूक. पहिलं कारण, शरीर, इथेच कच्चं होतं.

१७३७ मध्ये कोकणातली पोर्तुगिजांविरुद्धची मोहीम त्यांच्याकडे आली. त्या वर्षी बाजीराव दिल्लीपर्यंत धडकले होते, इकडची जबाबदारी अप्पांची. ठाणं आणि साष्टी लवकर मिळाली, वसई मात्र मिळेना. दोनशे वर्षांची सत्ता, तीन बाजूंना पाणी, भक्कम तट. शंकराजी केशव फडके आणि इतर सरदार इथे झगडत राहिले, हल्ले फसले. शेवटी १७३९ च्या सुरुवातीला अप्पा स्वतः उतरले. माहीम घेतलं, तारापूर घेतलं. तारापूरला बाजी भीवराव रेठरेकर पडले. मग वसईला वेढा.

पुढचे दिवस वाचताना मला नेहमी गलबलतं. तटाखाली सुरुंग खणायचे, वरून मारा चालू. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत, एक उशिरा उडाला तो आपल्याच माणसांवर. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा माणसं खिंडाराकडे धावली. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे सगळे होते. पण कुदळ मारणाऱ्यांची नावं कुठे आहेत? मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. अप्पांनी हरलेल्या सैन्याला शस्त्रांसह, बायकामुलांसह, मानाने जाऊ दिलं. जे राहिले त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. मला विजयापेक्षा हे मोठं वाटतं.

आणि पाचवं कारण? मोहिमेच्या वेळी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस बोलला होता, वसई मिळाली तर मंदिर बांधीन म्हणून. मिळाल्यावर विसरले नाहीत. तानसा नदीजवळचं ते देऊळ तेव्हाचंच. (आपण मात्र प्रमोशन झालं की नवस सोडून पार्टीचं ठरवतो!)

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले. त्याच वर्षी डिसेंबरात अप्पाही गेले. वसई घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती.

सोमवारी टीमला पहिला मेल पाठवायचाय. काल ड्राफ्ट केला होता, त्यात 'मी' सात वेळा होता. आत्ता बसून तो पुन्हा लिहितेय. आमच्याकडे दोन जण दीड वर्ष या कामात राबताहेत, त्यांची नावं पहिल्या ओळीत घेतलीत. आणि रविवारी आईला घेऊन वज्रेश्वरीला जायचं ठरलंय.

जय वज्रेश्वरी माता!