नाव मागाहून, गाव आधी

आमच्या वर्गातील मुले काड्यापेटीत किडे घालून आणतात आणि त्यांची नावे विचारतात. मोठ्या फुलपाखराचे नाव पुस्तकात सापडते, परंतु तिळाएवढा भुंगेरा हाती आला की आम्ही निरुत्तर होतो. चित्रातील दहा भुंगेरे सारखेच दिसतात. अशा वेळी आम्हाला आल्फ्रेड रसेल वॉलेस यांची आठवण होते. हीच अडचण त्यांना सिंगापुरात, बुकित तिमाच्या टेकडीवर आली होती.

वॉलेस यांचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क गावाजवळ झाला. घरच्या ओढगस्तीमुळे चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. पुढे त्यांनी भावाबरोबर जमीनमोजणीचे काम केले. १८४४ साली ते लेस्टर शहरात शाळामास्तर झाले. तेथे हेन्री बेट्स या तरुणाने त्यांना भुंगेऱ्यांचा नाद लावला. ब्रिटनमधील तीन हजारांहून अधिक जातींची वर्णने तेथे एका ग्रंथात मिळत. वॉलेसनी टाचण्या व डबा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी रानात हिंडू लागले.

१८४८ साली दोघे मित्र ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेले. चार वर्षांनी परतताना वॉलेस यांच्या जहाजाला भर समुद्रात आग लागली आणि बहुतेक संग्रह जळून गेला. मात्र एक धडा गाठीशी राहिला. संग्रहालयांतील माकडांच्या चिठ्ठ्यांवर नदीचा कोणता काठ हे लिहिलेले नसे. एकाच नदीच्या दोन काठांवर निरनिराळी माकडे असतात हे वॉलेसनी डोळ्यांनी पाहिले होते. नुसते 'ॲमेझॉन' लिहून काम भागत नाही, हे त्यांना कळून चुकले.

एप्रिल १८५४ मध्ये ते चार्ल्स ॲलन या कोवळ्या मदतनिसासह सिंगापुरात उतरले आणि बुकित तिमाला एका फ्रेंच पाद्र्याकडे राहिले. त्या काळी या रानात वाघ होते व त्यांच्यासाठी खोदलेल्या खड्ड्यांत माणूस पडण्याची भीती असे. चिनी लाकूडतोडे झाडे पाडत. पडलेले ओंडके, साली आणि भुसा यांवर भुंगेऱ्यांची चंगळ होती. सुमारे दोन महिन्यांत वॉलेसनी भुंगेऱ्यांच्या ७०० जाती गोळा केल्या. त्यांपैकी १३० लांब मिशांच्या होत्या.

पण त्यांची नावे? येथे लेस्टरसारखा ग्रंथ नव्हता. पुष्कळ जाती शास्त्राला अगदीच नव्या होत्या. नर आणि मादी इतके वेगळे दिसत की दोन जाती वाटाव्यात, आणि दोन जाती इतक्या सारख्या की पायाची पेरे भिंगाखाली मोजावी लागत. त्यातच दमट हवेची बुरशी आणि मुंग्यांचा उपद्रव!

वॉलेसनी घाईने नाव ठोकले नाही. जाती वेगळ्या केल्या आणि आपल्या खास संग्रहातील किड्यांच्या टाचण्यांना ठिकाण लिहिलेल्या बारीक गोल चिठ्ठ्या लावल्या. नावे लंडनच्या तज्ज्ञांनी मागाहून दिली. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांवर पॅस्को यांनी लिहिलेला मोठा ग्रंथ वॉलेस यांच्याच संग्रहावर आधारलेला आहे.

१८६२ पर्यंतच्या आठ वर्षांत त्यांनी १,२५,६६० नमुने जमविले. त्यांत भुंगेरे ८३,२०० होते. कोणता जीव कोणत्या बेटावरचा याची नोंद असल्यामुळेच बाली आणि लोंबोक यांच्यामधील अरुंद सामुद्रधुनीशी आशियाचे पक्षी थांबतात आणि ऑस्ट्रेलियाकडचे सुरू होतात, हे त्यांना उमगले. ती सीमा आज वॉलेस रेषा म्हणून ओळखली जाते. नैसर्गिक निवडीचा त्यांचा स्वतंत्र सिद्धांत १ जुलै १८५८ रोजी डार्विन यांच्या लिखाणाबरोबर लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी, नव्वदाव्या वर्षी ते निवर्तले.

नाव चुकले तर ते मागाहून सुधारता येते. पण किडा कोठे व केव्हा सापडला हे त्याच वेळी लिहिले नाही, तर पुढे कोणीही पंडित ते सांगू शकणार नाही. म्हणून आम्ही आता काड्यापेटी घेऊन येणाऱ्या मुलाला प्रथम किड्याचे गाव विचारतो, आणि ते तारखेसह चिठ्ठीवर लिहावयास लावतो. पालकहो, आपल्या घरीही एवढे करून पाहा.