संगीताला वर्गाची वाट दाखविणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

लहान मुलांना संगीताचे प्राथमिक धडे देणारे वर्ग आज देशातील बहुतेक शहरांत चालतात. ठरलेल्या वेळी मुले जमतात, हाताने टाळी आणि खाली दाखवीत ताल मोजतात, वहीत स्वरलिपी उतरवून घेतात आणि अभ्यासक्रम पूर्ण झाला की परीक्षेस बसतात. ही पद्धत आता इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणी तरी कष्टाने घडविली असेल असे सहसा मनात येत नाही. ती घडविणाऱ्यांमध्ये पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव अग्रभागी आहे.

विष्णु दिगंबर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. हे गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. त्यामुळे अभंग, पदे आणि तालाचे भान घरातच लाभले. मात्र बालपणीच फटाक्याच्या दारूने त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षण सुटले. पुस्तकी विद्येची वाट बंद झाल्यावर संगीत हाच मार्ग उरला आणि हा मुलगा मिरजेला पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकू लागला. पुढे इतरांसाठी संगीताची पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या या माणसाची स्वतःची शाळा अशी अर्ध्यावर राहिली होती.

ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजविणाऱ्या बाळकृष्णबुवांकडील शिक्षण गुरुकुल पद्धतीचे होते. गुरूच्या घरी राहायचे, सेवा करायची, गुरू गातील ते कानांनी टिपायचे आणि वर्षानुवर्षे घोटायचे, असा तो क्रम होता. या पद्धतीने थोर गायक घडविले, यात शंका नाही. परंतु सर्वसामान्य घरातील मुलामुलींना त्या दारापर्यंत पोहोचणेच कठीण होते. त्यातच गायनाचा व्यवसाय प्रतिष्ठित मानला जात नसे. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबर यांना मिळाले, पण त्यांच्या गुरूंना मात्र गवई म्हणून वगळण्यात आले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. हा अपमान त्यांच्या मनाला लागला. १८९६ मध्ये राजाश्रय सोडून ते मिरजेबाहेर पडले.

त्यानंतरची काही वर्षे भ्रमंतीची होती. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. दरबार आणि मंदिर यांपुरती मर्यादित असलेली मैफल त्यांनी सौराष्ट्रात तिकीट लावून सर्वांसाठी खुली केली. मथुरेतील मुक्कामात त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला, कारण अनेक बंदिशी त्याच भाषेतील होत्या आणि शब्द समजल्याशिवाय त्या नीट शिकविता येणार नव्हत्या.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. ही संस्था कोणत्याही संस्थानिकाच्या नव्हे, तर लोकांच्या देणग्यांच्या बळावर चालणार होती. प्रारंभीच्या दिवसांत एकही विद्यार्थी आला नाही. तरीही विष्णु दिगंबर शाळेच्या ठरलेल्या वेळी तानपुरा घेऊन बसत आणि एकटेच रियाज करीत, असे सांगितले जाते. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले आणि संस्थेचे नाव पंजाबभर झाले.

एका वेळी अनेकांना शिकवायचे, तर केवळ कानावर विसंबून भागणार नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. मंद्र सप्तकातील स्वरावर टिंब, तार सप्तकातील स्वरावर उभी रेघ, कोमल स्वराला हलन्तासारखे चिन्ह आणि मात्रेच्या प्रत्येक अंशासाठी वेगळी खूण, अशी तिची रचना आहे. ‘संगीत बालप्रकाश’ आणि ‘राग प्रवेश’ यांसारख्या क्रमिक पुस्तकांतून त्यांनी धड्यांची चढती मांडणी केली. ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिकही त्यांनी चालविले. पालकांचा संकोच दूर व्हावा म्हणून शृंगारिक बंदिशींच्या जागी त्यांनी भक्तिपर शब्दरचना योजली. जुन्या बंदिशींचे शब्द असे बदलल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. मात्र त्यामुळे अनेक घरांतील मुलामुलींना संगीत शिकण्याची मोकळीक मिळाली.

त्यांच्या कार्यातील सर्वांत दूरदर्शी भाग म्हणजे उपदेशक वर्ग होय. निवडक विद्यार्थ्यांना स्वतःजवळ ठेवून, त्यांच्या निर्वाहाचा भार उचलून ते त्यांना संगीतशिक्षक म्हणून तयार करीत. वर्गातील सामूहिक शिक्षणातून मोठे कलावंत निर्माण होत नाहीत, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. विष्णु दिगंबर यांचा हेतू मात्र व्यापक होता. प्रत्येक विद्यार्थी गायक झाला नाही तरी तो जाणकार श्रोता व्हावा, अशी त्यांची धारणा होती.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय सुरू केले. तेथे कर्ज काढून विद्यालयाची स्वतःची इमारत उभारण्यात आली. कर्ज फेडण्यासाठी ते गावोगावी मैफली करीत राहिले. पण बोजा हलका झाला नाही. अखेर १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. ज्या वास्तूसाठी त्यांनी आयुष्याची मिळकत वेचली, ती हातची गेली. त्यानंतर त्यांचे मन रामभक्तीत अधिकाधिक रमले. नाशिक येथील रामनाम आधार आश्रमात त्यांनी शिष्यांसह काही काळ घालविला. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात. महात्मा गांधींच्या प्रार्थनेतून देशभर पोहोचलेल्या रामधुनीची चालही त्यांचीच मानली जाते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे पुत्र दत्तात्रेय अवघ्या दहा वर्षांचे होते. वडिलांच्याच शिष्यांनी त्यांना घडविले आणि पुढे डी. व्ही. पलुस्कर या नावाने ते ख्यातकीर्त गायक झाले.

इमारत गेली तरी शिष्यपरिवार टिकून होता. १९३१ च्या अखेरीस शिष्यांनी अहमदाबाद येथे एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय सुरू केले. बा. र. देवधर यांनी मुंबईत, तर ओंकारनाथ ठाकूर यांनी पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात अध्यापनाची धुरा सांभाळली. दिल्लीत १९३९ मध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. भारतीय डाक विभागाने १९७३ मध्ये विष्णु दिगंबर यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

स्वरलिपीच्या बाबतीत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची सुटसुटीत पद्धत आज अधिक प्रचलित आहे. तथापि, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ परीक्षेपासून ‘विशारद’, ‘अलंकार’पर्यंतच्या पायऱ्या आजही असंख्य विद्यार्थी चढत आहेत. लाहोरच्या रिकाम्या वर्गात वेळेवर येऊन बसणाऱ्या त्या शिक्षकाची निष्ठा या प्रत्येक पायरीमागे उभी आहे.