दर्याचा सरखेल

समुद्र पाहण्यापूर्वी मी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे ईरई धरणाचे. मी ऊर्जानगरचा. वीज केंद्राची धुराडी पाहतच लहानाचा मोठा झालो. वडील तेथे कंत्राटी कामगार. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. गेल्या हिवाळ्यात इतिहास विभागाची सहल कोकणात निघाली, तेव्हा वडिलांनी उसनवारी करून पैसे दिले आणि एवढेच सांगितले, की आंग्र्यांची जहाजे नीट पाहून ये आणि आम्हालाही सांग.

आम्ही विजयदुर्गला गेलो. वाघोटन खाडीच्या मुखाशी तिहेरी तटबंदीचा हा किल्ला उभा आहे. जवळच गिर्ये येथे खडक फोडून केलेली जुनी गोदी आहे. मराठी आरमाराची जहाजे येथे दुरुस्तीला येत. गोदी पाहिली, पण जहाज मात्र एकही नाही! मी खट्टू झालो. तेव्हा गोदीच्या काठावर बसूनच सरांनी आम्हाला कान्होजी आंग्रे यांचे चरित्र सांगितले. परत आल्यावर ग्रंथालयात मी आणखी वाचले. तेच थोडक्यात येथे मांडतो.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमारास झाला. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ; हर्णैजवळच्या आंगरवाडीवरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीस होते. कान्होजींना ना मोठी जहागीर वारशाने मिळाली, ना राजघराण्याचे नाते. मोगली आक्रमणाच्या धामधुमीत सुवर्णदुर्गावर त्यांनी पराक्रम गाजविला आणि १६९८ च्या सुमारास ते मराठी आरमाराचे सरखेल झाले.

त्यांची जहाजे युरोपियनांच्या जहाजांपुढे लहानच होती. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी. गलबत त्याहून लहान, वारा पडला तरी वल्ह्यांवर चालणारे. परंतु या लहानपणातच त्यांचे बळ होते. तळ उथळ असल्यामुळे ती खाडीत शिरत आणि शत्रूची अवजड जहाजे बाहेरच अडून राहत. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, हा कान्होजींचा आग्रह होता. पोर्तुगीज हेच करीत, तरी त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. कान्होजींना मात्र इंग्रजांनी चाचे ठरविले.

शाहू आणि ताराबाई यांच्या कलहात ते प्रथम ताराबाईंच्या बाजूस होते. शाहूंनी धाडलेल्या बहिरोपंत पिंगळे या पेशव्यालाच त्यांनी कैद केले! पुढे बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्थी केली आणि १७१४ मध्ये ते शाहूंना मिळाले. त्यानंतर इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर हल्ला केला. १७२१ मध्ये तर इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. प्रत्येक वेळी त्यांना हात हलवीत परतावे लागले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले, तोवर त्यांचे आरमार अजिंक्यच होते.

मग ती जहाजे गेली कोठे? कान्होजींच्या पश्चात मुलांमध्ये भाऊबंदकी माजली आणि दौलत दुभंगली. पुढे विजयदुर्ग तुळाजीकडे आला. त्याचे व नानासाहेब पेशव्यांचे बिनसले, आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एक गोळा एका जहाजावर पडला, ते पेटले, आणि शेजारी-शेजारी नांगरलेले सारे आरमार पाहता पाहता भस्मसात झाले.

आमच्या आलापल्ली-बल्लारपूरकडे सागवानाचे मोल लहान पोरालाही कळते. सागवान पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून जहाजासाठी त्यासारखे लाकूड नाही. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी इंग्रजांसाठी सागवानी ट्रिंकोमाली बांधली. ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात जपून ठेवलेली आहे. दोनशे वर्षांपूर्वीचे आपले सागवान तेथे तरंगते आहे, आणि आपल्या गोदीत नुसते भरती-ओहोटीचे पाणी! मुंबईतील नौदलाच्या तळाला आय.एन.एस. आंग्रे हे नाव आहे, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग व खांदेरी २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, याचा आनंद आहेच. पण रिकामी गोदी डोळ्यांपुढून हलत नाही.

घरी आल्यावर वडिलांना खरे ते सांगितले, की जहाजे नाहीत, ती जळाली. ते जरा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, की ती जाळली कोणी? इंग्रजांनी, असे चटकन माझ्या तोंडी आले होते. पण तेवढेच उत्तर देणे मला जमले नाही. भाऊबंदकीची सारी कथा त्यांना सांगावी लागली. उसने पैसे फेडायला त्यांना अजून दोन महिने लागतील. ती कथा ऐकल्यावर ते मात्र एवढेच म्हणाले, की पैसे कारणी लागले.