वॉशिंग्टन यांचा चेहरा, स्टुअर्ट यांचा हात

अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवरील जॉर्ज वॉशिंग्टन यांचा चेहरा जगाला परिचित आहे; तो ज्या तैलचित्रावरून घेतला गेला, त्याचे चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्ट मात्र तितके परिचित नाहीत. १७५५ मध्ये ऱ्होड आयलंडमध्ये जन्मलेले स्टुअर्ट लंडनला बेंजामिन वेस्ट यांच्या हाताखाली तयार झाले. १७८२ मधील 'द स्केटर' या चित्राने त्यांना कीर्ती दिली, उधळ्या स्वभावाने कर्ज. आधी डब्लिन आणि १७९३ मध्ये मायदेश त्यांनी गाठला तो वॉशिंग्टन यांचे चित्र रंगवून देणी फेडण्याच्या आशेने.

१७९६ मध्ये मार्था वॉशिंग्टन यांच्या इच्छेवरून त्यांनी पती-पत्नींची चित्रे आरंभिली. वॉशिंग्टन यांचे मस्तक पूर्ण झाले; उरलेला कॅनव्हास तसाच राहिला. अपुरे म्हणून ते चित्र त्यांनी कधीच सुपूर्द केले नाही. तेच समोर ठेवून त्यांनी सुमारे ७५ प्रती स्वहस्ते रंगवून विकल्या.

पुढे एका जहाजाच्या कप्तानाने चीनमध्ये रंगविलेल्या अशाच प्रती फिलाडेल्फियात आणल्या, तेव्हा १८०२ मध्ये स्टुअर्ट यांनी न्यायालयातून त्यांच्या विक्रीस मनाई मिळविली. मालकिणीला तिचे चित्र न देणारा कलावंत आपल्या हक्कासाठी मात्र दक्ष होता!

तरीही कर्ज सुटले नाही. १८२८ मध्ये बोस्टन येथे ते निवर्तले. त्यांच्या थडग्यावर नावही नव्हते. कन्या जेन यांनी पित्याच्या चित्राच्या प्रती रंगवून कुटुंबाचा चरितार्थ चालविला. अपुरे राहिलेले ते मूळ चित्र १८३१ मध्ये बोस्टन अथेनियमकडे आले.