होमी भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर, १९०९:मुंबई - २४ जानेवारी, १९६६:माँ ब्लां, आल्प्स) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. देशातील अवकाश संशोधनाचा प्रारंभही त्यांच्या अधिपत्याखालील अणुऊर्जा विभागातच झाला.

प्रारंभिक जीवन

भाभांचा जन्म मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. १९२७ साली ते केंब्रिजला गेले. त्यांनी अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. अभियांत्रिकीची पदवी प्रथम श्रेणीत मिळवल्यावर मात्र ते गणित आणि सैद्धांतिक भौतिकीकडे वळले.

विश्वकिरणांचे संशोधन

अंतराळातून पृथ्वीवर सतत येणारे विश्वकिरण हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावांचा सिद्धांत मांडला. अतिऊर्जावान इलेक्ट्रॉनापासून गॅमा किरण निघतात, गॅमा किरणांपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या जोड्या निर्माण होतात आणि ही साखळी वाढत जाते, असे त्यांनी दाखवले.

१९३९ साली ते सुटीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले व केंब्रिजला परतणे अशक्य झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या विभागात, त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन सुरू ठेवले. त्याच काळात विक्रम साराभाईही तेथे याच विषयावर काम करत होते. १९४५ साली भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. ती त्याच वर्षी मुंबईत आली. वातावरणाच्या वरच्या थरांत उपकरणे पाठवण्यासाठी या संस्थेने पुढे प्लास्टिकचे मोठे फुगे विकसित केले.

अवकाश संशोधनातील कार्य

१९६१ साली, युरी गागारिनच्या अंतराळ प्रवासानंतर काही महिन्यांतच, भारत सरकारने अवकाश संशोधनाची जबाबदारी अणुऊर्जा विभागाकडे सोपवली. भाभा या विभागाचे सचिव होते. १९६२ साली साराभाईंच्या अध्यक्षतेखाली भारतीय राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती स्थापन झाली. चुंबकीय विषुववृत्ताजवळील केरळमधील थुंबा येथून २१ नोव्हेंबर, १९६३ रोजी नाइके-अपाचे हे अमेरिकी बनावटीचे अग्निबाण सोडण्यात आले. भारतीय भूमीवरून झालेले हे पहिले अवकाश प्रक्षेपण होय.

मृत्यू व वारसा

२४ जानेवारी, १९६६ रोजी व्हिएन्ना येथील बैठकीसाठी जात असताना एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे विमान माँ ब्लां शिखराजवळ कोसळून भाभांसह सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्यानंतर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. १९६७ साली तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले. इस्रोची स्थापना १९६९ साली याच विभागांतर्गत झाली. स्वतंत्र अवकाश विभाग १९७२ साली अस्तित्वात आला. 'आर्यभट' हा पहिला भारतीय उपग्रह १९७५ साली, भाभांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, कक्षेत गेला.