बेंजामिन फ्रँक्लिन व आकाशातील वीज
बोस्टन शहरी मेणबत्त्या व साबण करणाऱ्या एका सामान्य गृहस्थाच्या घरी इ. स. १७०६ साली बेंजामिन फ्रँक्लिन यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षीच शाळा सुटली. पुढे फिलाडेल्फिया येथे छापखाना चालवून त्यांनी नाव व द्रव्य मिळविले. त्यांच्या राजकारणाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस येथे त्यांच्या सळईविषयीच सांगावयाचे आहे.

मेघांतील वीज व यंत्रातील ठिणगी एकच, याचा प्रत्यय त्यांनी १७५२ साली पतंग उडवून घेतला. १७५३ च्या आपल्या पंचांगात त्यांनी रीत दिली, ती अशी : घराच्या माथ्यावर सहा ते आठ फूट उंच राहील अशी लोखंडी सळई बसवावी, आणि तिचे खालचे टोक तीन-चार फूट ओल्या जमिनीत न्यावे. या खालच्या टोकातच सारे मर्म आहे. त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान नामक विद्वान वादळात घरातील सळईपाशी पाहणी करीत असता विजेच्या आघाताने ठार झाले. त्यांच्या सळईस जमिनीची वाटच दिलेली नव्हती. आजही हौसेने छपरावर रेडिओची उंच तार उभारणारे काही जण ती जाड तांब्याच्या तारेने जमिनीशी जोडण्याचा आळस करितात, याचे आम्हांस नवल वाटते.

या सळईचा मक्ता फ्रँक्लिन यांनी घेतला नाही. ती सर्वांस मोफत दिली. इ. स. १७९० साली फिलाडेल्फिया येथेच ते निवर्तले.