‘सर’ ही पदवी नाकारणारे मायकल फॅरेडे कोण होते?

लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम. १७९१ साली जन्मलेला मायकल फॅरेडे १४व्या वर्षी लंडनमध्ये एका बुकबाइंडरकडे कामाला लागला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढायचा.

१८१२ मध्ये त्याने हम्फ्री डेव्ही या नामवंत शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकली आणि नोट्सचं पुस्तक बांधून त्यांनाच पाठवलं. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची नोकरी मिळाली. डेव्हींसोबतच्या युरोप दौऱ्यात त्याने घरगड्याची कामंही केली.

पण १८२४ मध्ये फॅरेडेंच्या रॉयल सोसायटीतल्या निवडीला अध्यक्ष डेव्हींनीच विरोध केला, तेव्हा त्यांनी माघार घेतली नाही. ते निवडून आले.

१८३१ मध्ये त्यांनी चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यातून वीज निर्माण करून दाखवली. आजचे जनरेटर याच तत्त्वावर चालतात. पुढे ‘सर’ ही पदवी आणि रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद, दोन्ही चालून आलं. त्यांनी दोन्हींना नकार दिला.

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं नव्हे. कामाने मिळवलेली जागा फॅरेडेंनी सोडली नाही, मिरवायची जागा घेतली नाही.

१८६७ मध्ये ते गेले. लंडनच्या हायगेट दफनभूमीतल्या त्यांच्या साध्या दगडावर नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा आहेत.